मायक्रोवेव्हमधली वाफ: घाईच्या स्वयंपाकासाठी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मायक्रोवेव्ह घरात असतो, पण बहुतेक घरांत त्याचं काम कालचं जेवण गरम करण्यापुरतंच उरतं. मी जवळजवळ रोज त्यात काही ना काही वाफवते आणि कुणाला हे सांगितलं की तेच तेच प्रश्न पुन्हा येतात. एखाद्याची भाजी चामट झाली म्हणून त्याने नाद सोडलेला असतो, एखादीला वाटतं की यात सगळं सत्त्व जळून जातं. ते सगळे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. खाली दिलेल्या वेळा ८०० वॅटच्या मायक्रोवेव्हच्या आहेत. तुमचा वेगळा असेल तर हिशेब कसा करायचा तेही पुढे सांगितलं आहे.

नुसतं गरम करणं आणि वाफवणं यात फरक काय?

झाकणाचा. मायक्रोवेव्हमध्ये साधारण २,४५० मेगाहर्ट्झच्या लहरी असतात. अन्नातले पाण्याचे रेणू त्या लहरींबरोबर सतत दिशा बदलायला बघतात आणि त्या धडपडीतून उष्णता तयार होते. भाजीत पाणी मुळातच भरपूर असतं. फ्लॉवर, ब्रोकोली, पालक यांच्या वजनात सुमारे ९० टक्के पाणीच असतं. भांडं उघडं ठेवलं की हे अंगचं पाणी वाफ होऊन उडून जातं, भाजी सुकत सुकत शिजते आणि चामट होते. झाकण असेल तर तीच वाफ आत कोंडते, भाजीवर बसून पुन्हा पाणी होते आणि बसताना आपली उष्णता भाजीला देऊन टाकते. ही उष्णता थोडीथोडकी नाही. एक ग्रॅम पाणी ० अंशापासून उकळेपर्यंत तापवायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून जास्त उष्णता एक ग्रॅम वाफेचं पाणी होताना बाहेर पडते.

गॅसवर वाफवताना आधी पाणी उकळायची वाट बघावी लागते. इथे ती थांबवणूक नाही, कारण भाजी स्वतःच तापते आणि स्वतःची वाफ तयार करते. आपण फक्त ती वाफ पळून जाऊ द्यायची नाही.

पाणी किती घालायचं?

तुम्हाला वाटतंय त्यापेक्षा कमी. पाव किलो भाजीला दोन मोठे चमचे, म्हणजे ३० मिलिलिटर, पुरतात. फरसबी, गाजर, बीट अशा घट्ट अंगाच्या भाज्यांना तीन. पालक आणि इतर पालेभाज्या धुऊन निथळल्यावर पानांना जे पाणी चिकटून राहतं तेवढंच पुरे, वरून एक थेंबही नको.

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. भाजी जळेल या भीतीने लोक अर्धा पेला पाणी ओततात. मग लहरींची अर्धी ताकद ते पाणी तापवण्यात खर्च होते, वेळ वाढतो, भाजी वाफेवर शिजायची ती पाण्यात उकडली जाते आणि शेवटी ते पाणी आपण ओतून देतो. सोबत चव आणि पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वंही जातात. हबका मारल्यासारखं पाणी शिंपडा आणि झाकण ठेवा. भांड्याच्या तळाशी शेवटी चमचाभर पाणी उरलं तर माप बरोबर होतं असं समजा. ते चमचाभर पाणीही टाकू नका, भाजीतच मिसळा.

वेगळा स्टीमर विकत घ्यावा लागतो का?

नाही. काचेचं किंवा चिनी मातीचं खोलगट भांडं आणि त्यावर बसेल अशी बशी, एवढंच लागतं. भांडं उंच असण्यापेक्षा पसरट असलेलं चांगलं, म्हणजे भाजी एका थरात मावते. सोनेरी किंवा चंदेरी कड असलेली भांडी टाळा, ती कड धातूची असते आणि तिच्यावर ठिणग्या पडतात. मेलामाइनची भांडी लहरी शोषून स्वतःच तापतात, तीही नकोत. गॅसवर वापरायची स्टीलची जाळी आत ठेवायची नाही. बांबूची टोपली वापरायची असेल तर ती तारेने किंवा पिनांनी बांधलेली नाही ना ते नीट बघून घ्या आणि आधी पाण्यात भिजवून मग वापरा.

भांडं चालेल की नाही अशी शंका असेल तर ते रिकामं भांडं आणि त्याच्या शेजारी पाण्याने भरलेला काचेचा पेला, असं दोन्ही आत ठेवून एक मिनिट चालवा. पाणी कोमट आणि भांडं गार राहिलं तर भांडं चालेल. भांडंच तापलं तर ते बाजूला ठेवा. (धातूची कड असलेल्या भांड्यावर हा प्रयोग करायचा नाही.)

‘मायक्रोवेव्ह सेफ’ लिहिलेला प्लास्टिकचा डबा चालेल ना?

त्या शब्दांचा अर्थ एवढाच की डबा वितळणार नाही आणि वाकडा होणार नाही. त्यातून अन्नात काहीच उतरत नाही असा नव्हे. २०२३ साली अमेरिकेतल्या नेब्रास्का-लिंकन विद्यापीठातल्या संशोधकांनी बाळांच्या खाण्याच्या प्लास्टिकच्या डब्यांवर प्रयोग केले. मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटं तापवल्यावर काही नमुन्यांमधून दर चौरस सेंटिमीटरमागे ४२ लाखांहून जास्त सूक्ष्म आणि २११ कोटी अतिसूक्ष्म प्लास्टिकचे कण बाहेर पडल्याचं त्यांना आढळलं. काचेचं भांडं सहज मिळत असताना प्लास्टिक तापवायचं कारणच काय? मी प्लास्टिक फक्त गार अन्न ठेवायला वापरते. थर्माकोलच्या डब्यात तर काहीही गरम करू नका.

भांड्यावर पातळ प्लास्टिकचा कागद ताणून लावायची पद्धत आहे. लावायचाच असेल तर तो अन्नाला टेकणार नाही इतका वर राहू द्या आणि एक कोपरा उघडा ठेवा. बशीने तेच काम होतं आणि काही फेकूनही द्यावं लागत नाही.

झाकण घट्ट लावायचं की सैल?

सैल. वाफ आत राहायला हवी, पण जास्तीची वाफ निसटायला वाट हवी. नुसती बशी ठेवली की हे आपोआप होतं, वाफेचा जोर वाढला की बशी किंचित उचलली जाते आणि पुन्हा बसते. रबराची कड असलेलं, क्लिपांनी आवळून बसणारं झाकण कधीही बंद करून चालवू नका. आत दाब तयार होतो आणि झाकण उडू शकतं.

आणि एक गोष्ट, जी मी मनगट पोळल्यावर शिकले. झाकण उघडताना ते स्वतःकडून उलट दिशेला, पलीकडच्या बाजूने आधी उचला, म्हणजे वाफेचा झोत तुमच्यापासून दूर जाईल. वाफेचा चटका उकळत्या पाण्यापेक्षा वाईट असतो, कारण ती कातडीवर पाणी होताना वर सांगितलेली सगळी उष्णता तिथेच सोडते. लहान मुलांना भांडं उघडायला देऊ नका.

माझा मायक्रोवेव्ह किती वॅटचा आहे ते कसं कळणार?

दाराच्या आतल्या बाजूला किंवा मागच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. तिथे दोन आकडे असतील तर छोटा बघा. मोठा आकडा यंत्र किती वीज खातं त्याचा असतो, छोटा अन्नापर्यंत किती पोचते त्याचा.

पट्टी पुसली गेली असेल तर थर्मामीटरने मोजता येतं. एक लिटर पाण्याचं तापमान मोजा, एक मिनिट पूर्ण ताकदीवर चालवा, ढवळून पुन्हा मोजा. जितके अंश वाढले त्यांना ७० ने गुणा. दहा अंश वाढले तर सुमारे ७०० वॅट, बारा वाढले तर साडेआठशेच्या आत-बाहेर. जुनं यंत्र बऱ्याचदा पट्टीवरच्या आकड्यापेक्षा कमी देतं, म्हणून एकदा हे करून बघणं चांगलं.

मग वेळ बदलणं सोपं आहे. वॅट आणि वेळ यांचा गुणाकार साधारण तोच ठेवायचा. ८०० वॅटवर पाच मिनिटं म्हणजे १,००० वॅटवर चार मिनिटं आणि ६०० वॅटवर जवळजवळ पावणेसात.

कुठल्या भाजीला किती वेळ?

हे आकडे पाव किलो भाजीचे, ८०० वॅटचे आणि पूर्ण ताकदीचे आहेत. यानंतर भाजी झाकून दोन मिनिटं ठेवायची आहे हे धरूनच दिलेत.

ब्रोकोलीच्या तुऱ्यांना तीन ते चार मिनिटं. फ्लॉवरला त्याहून एखादं मिनिट जास्त, कारण त्याचे देठ घट्ट असतात. फरसबीला चार ते पाच, गाजराच्या पातळ चकत्यांनाही तेवढंच. ताज्या मटारला तीन ते चार. उभ्या चिरलेल्या कोबीला तीन ते चार. पालकाला दीड ते दोन मिनिटं, त्याच्यावर एक सेकंदही जास्त नको. लाल भोपळ्याच्या फोडींना पाच, बटाट्याच्या दोन सेंटिमीटरच्या फोडींना पाच ते सहा. बीट हट्टी असतं, बारीक फोडी केल्या तरी सहा ते आठ मिनिटं घेतं. मक्याचं कणीस सालीसकट ठेवलं तर साल हेच झाकण होतं आणि तीन ते चार मिनिटांत दाणे तयार होतात. सोललेलं कणीस ओल्या टिश्यूपेपरात गुंडाळून ठेवा.

आता या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका. कोवळी फरसबी आणि निबर फरसबी यांच्यातच दीड मिनिटाचा फरक पडतो. पहिल्यांदा करताना दिलेल्या वेळेपेक्षा एक मिनिट आधी थांबा, झाकून ठेवा, मग सुरीचं टोक टोचून बघा. कमी वाटली तर तीस सेकंद वाढवता येतात. गाळ शिजलेली भाजी परत आणता येत नाही. भाजी बोटचेपी हवी की दाताखाली कचकचीत हवी हे घरातल्या आवडीवर आहे. आपल्या यंत्रासाठी जुळलेल्या वेळा एका कागदावर लिहून दारावर चिकटवा. आठवड्याभरात तो कागद कुठल्याही तक्त्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.

बटाटा किंवा रताळं अख्खं ठेवायचं असेल तर काट्याने सात-आठ ठिकाणी टोचे मारा. साल शाबूत असली की आतली वाफ कोंडून ते फुटतं. मध्यम आकाराच्या एका बटाट्याला चार ते सहा मिनिटं, निम्म्या वेळात एकदा उलटा.

बाहेरून शिजते आणि मधे कच्ची राहते. काय चुकतंय?

मायक्रोवेव्ह अन्न आतून बाहेर शिजवतो हा समज चुकीचा आहे. लहरी पाणीदार अन्नात साधारण दोन-तीन सेंटिमीटरच शिरतात. त्याच्या आतल्या भागाला उष्णता हळूहळू, एका थरातून दुसऱ्या थरात जाऊनच मिळते. त्यातून या लहरींची लांबी सुमारे १२ सेंटिमीटर, आणि त्या पेटीत भिंतींवर आपटून परत फिरतात तेव्हा काही ठिकाणी जोर एकवटतो, काही ठिकाणी जवळजवळ नाहीसा होतो. थाळी फिरते ती यासाठीच. पण थाळीच्या बरोबर मध्यावरचा भाग फिरूनही जागच्या जागी राहतो.

म्हणून रचना महत्त्वाची. फोडी एकसारख्या चिरा. भाजी ढिगासारखी न ठेवता कड्यासारखी गोल मांडा आणि मधली जागा मोकळी सोडा. ब्रोकोलीचे जाड देठ बाहेरच्या कडेला, नाजूक तुरे आतल्या बाजूला. निम्मा वेळ झाल्यावर एकदा हलवा. भांडं थाळीच्या मधोमध ठेवण्यापेक्षा किंचित कडेला ठेवलं तरी फरक जाणवतो. एवढं केल्यावर मधे कच्ची राहण्याची तक्रार बहुतेक वेळा संपते.

नंतर झाकून ठेवणं खरंच गरजेचं आहे का? घाई असते.

मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची दोन मिनिटं तीच. यंत्र थांबलं तरी शिजणं थांबत नाही. कडेची उष्णता आत पोचते, वाफ जिरते, कच्चे-पक्के कोपरे एकमेकांना सांभाळून घेतात. ही दोन मिनिटं वाचवून यंत्र दोन मिनिटं जास्त चालवलं तर कडा चामट होतात आणि मधला भाग तसाच राहतो. तेवढ्यात ताटं घ्या, लिंबू कापा. झाकण मात्र उघडून डोकावू नका.

यात जीवनसत्त्वं मरतात ना?

जीवनसत्त्वांचं नुकसान तीन गोष्टींनी होतं: उष्णता, वेळ आणि पाणी. मायक्रोवेव्ह हे यंत्र त्यात चौथं नाही. क जीवनसत्त्व आणि ब गटातलं फोलेट पाण्यात विरघळतात आणि उष्णतेनेही कमी होतात. भरपूर पाण्यात उकळून ते पाणी ओतून दिलं की नुकसान सगळ्यात जास्त. थोड्या पाण्यात, थोडा वेळ वाफवलं की नुकसान सगळ्यात कमी, मग ती वाफ गॅसवरची असो की मायक्रोवेव्हमधली.

२००३ साली स्पेनमधल्या संशोधकांनी ब्रोकोलीवर केलेला एक अभ्यास याबाबत नेहमी पुढे केला जातो. मायक्रोवेव्हमध्ये ब्रोकोलीतली फ्लॅव्होनॉइड्स (वनस्पतींमधली आरोग्याला उपयोगी मानली जाणारी द्रव्यं) ९७ टक्के गेली, असा तो आकडा. पण त्या प्रयोगात ब्रोकोली पाणी घालून शिजवली होती आणि घटक त्या पाण्यात उतरले. त्याच अभ्यासात वाफेवर शिजवलेल्या ब्रोकोलीचं नुकसान अगदी किरकोळ होतं. म्हणजे त्या आकड्यातून आपण शिकायचं ते पाणी कमी घालायला.

ब्रोकोली, कोबी, फ्लॉवर यांच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. त्यांच्यात सल्फोराफेन नावाचं, आरोग्याला उपयोगी मानलं जाणारं द्रव्य तयार होतं, पण त्यासाठी भाजीतलं मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) जिवंत लागतं, आणि ते जास्त उष्णतेने मरतं. म्हणून या भाज्या चिरून थोडा वेळ तशाच ठेवाव्यात आणि मग कमीत कमी वेळ वाफवाव्यात. चिरल्यावर ते विकर कामाला लागतं आणि द्रव्य आधीच तयार होऊन बसतं.

गाजर आणि भोपळ्यातलं बीटा-कॅरोटिन तेलात विरघळतं. वाफवून झाल्यावर त्यावर चमचाभर तेल घातलं तर ते अंगी लागायला मदत होते. नुसतं तेल वर्ज्य करून भाजी जास्त पौष्टिक होत नाही.

एक अपवाद सांगायलाच हवा. मुतखड्यामुळे डॉक्टरांनी ऑक्झलेट कमी करायला सांगितलं असेल तर पालक भरपूर पाण्यात उकळून पाणी टाकून देणंच बरं. ऑक्झलेट पाण्यात उतरतं, वाफेवर ते बऱ्याच अंशी पानातच राहतं.

भाजीचा हिरवा रंग टिकवायचा कसा?

वेळ कमी ठेवा आणि लिंबू शेवटी पिळा. हिरवा रंग हरितद्रव्याचा, आणि उष्णता व आम्ल एकत्र आलं की तो मळकट शेवाळी होतो. भाजीच्या अंगातही थोडी आम्लं असतात आणि ती झाकणाखाली कोंडतात. म्हणून पाच-सहा मिनिटांपलीकडे गेलं की रंग उतरू लागतो. ठेवायची दोन मिनिटं झाली की झाकण काढून टाका.

खायचा सोडा घालू नका. रंग राहतो, पण भाजी बुळबुळीत होते आणि जीवनसत्त्वंही जातात.

मीठ कधी?

वाफवून झाल्यावर. आधी वर भुरभुरलेलं मीठ भाजीतलं पाणी ओढून घेतं आणि त्या जागी वाळलेले, सुरकुतलेले डाग पडतात. घालायचंच असेल तर चमचाभर पाण्यात विरघळवून घाला.

फ्रोझन भाज्या?

याला अगदी योग्य. त्या गोठवण्याआधी गरम पाण्यातून काढलेल्या असतात, त्यामुळे निम्मं काम झालेलं असतं. पाणी घालायची गरज नाही, अंगावरचा बर्फ पुरतो. मात्र बर्फातले रेणू जखडलेले असतात आणि लहरी फारशा शोषत नाहीत. त्याच्या शेजारी वितळलेलं पाणी भराभर तापत जातं. म्हणून एका जागी उकळी आणि शेजारी बर्फाचा गोळा असं दिसतं. दीड मिनिटानंतर भांडं बाहेर काढून गोळे फोडा, हलवा, मग उरलेला वेळ द्या. पाव किलो मटारला एकूण चार मिनिटांच्या आसपास लागतात.

मासे, चिकन, अंडी होतात का?

मासा फार सुरेख होतो. मला तर गॅसपेक्षा असाच आवडतो, कारण तो कोरडा पडत नाही. काटे काढलेला १५० ग्रॅमचा तुकडा, एक चमचा पाणी, वर आल्याच्या किंवा लिंबाच्या दोन चकत्या, झाकण. ताकद ७० टक्के ठेवा, अडीच ते तीन मिनिटं, मग दोन मिनिटं झाकून. शेपटीकडचा पातळ भाग खाली दुमडून घ्या, नाहीतर तो आधी वाळतो. काट्याने हलकंच दाबलं की पाकळ्या सुटायला हव्यात. थर्मामीटर असेल तर आत ६३ अंश सेल्सियस.

चिकनबाबत जास्त काळजी हवी. हाड नसलेले, एकसारखे पातळ तुकडे करा, ५० ते ७० टक्के ताकदीवर शिजवा, मधे उलटा, आणि सगळ्यात जाड तुकड्याच्या आत ७४ अंश झाल्याशिवाय खाऊ नका. मायक्रोवेव्हमध्ये गार कोपरे राहतात, आणि चिकनमध्ये तसा कोपरा राहिला तर आजारपण येतं. नुसत्या रंगावर जाऊ नका. हाडासकट मोठे तुकडे किंवा अख्खी कोंबडी मी यात करत नाही.

अंडं कवचासकट कधीही ठेवायचं नाही. सोललेलं उकडलेलं अंडंही पुन्हा गरम करू नका, ते बाहेर काढल्यावर, अगदी तोंडात चावतानाही फुटल्याचे प्रकार झाले आहेत. अंडं फेटून, त्यात दुप्पट कोमट पाणी घालून, गाळून, झाकून ५० टक्के ताकदीवर वाफवलं तर मऊ लुसलुशीत होतं. दोन मिनिटांनंतर दर वीस सेकंदांनी बघत राहा.

कडधान्यं यात शिजवावीत का?

सुकी, नाही. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचा विषारी घटक असतो. तो जायला भिजवलेला राजमा, भिजवलेलं पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळावा लागतो, आणि कमी उष्णतेवर अर्धवट शिजला तर जास्तच त्रास होतो. मायक्रोवेव्हमध्ये प्रत्येक दाण्याला सारखी उष्णता मिळेल याची खात्री नाही. प्रेशर कुकर वापरा.

गाजरं ठेवली की आत ठिणग्या उडतात. यंत्र बिघडलं का?

बहुधा नाही. गाजर, फरसबी, मिरची यांचे थोडेच तुकडे, धारदार कडांचे आणि कोरडे असतील तर त्या कडांमध्ये ठिणग्या पडू शकतात. लगेच बंद करा, तुकडे गोलसर करा, पाणी वाढवा, तुकड्यांचं प्रमाणही वाढवा. भांडं रिकामं किंवा जवळजवळ रिकामं असताना यंत्र चालवू नये, ते याही कारणाने.

ठिणग्या पेटीच्या भिंतीवर, एकाच जागी पडत असतील तर तिथे अन्न सुकून चिकटलं आहे का बघा. पुसूनही थांबल्या नाहीत तर यंत्र दुरुस्तीला द्या.

लहरी बाहेर येऊन अपाय होतो का?

दाराच्या काचेत जी जाळी दिसते तिची भोकं एक-दोन मिलिमीटरची आणि लहर १२ सेंटिमीटरची. ती त्या भोकातून निसटत नाही, पण प्रकाशाची लहर फार छोटी असल्यामुळे आपल्याला आतलं दिसतं. दार उघडताच लहरी बंद होतात. अन्नात काहीही किरणोत्सर्ग उरत नाही. दार वाकलेलं असेल, नीट बसत नसेल किंवा कडेची पट्टी फाटली असेल तर मात्र ते वापरू नका.

वाफवलेलं फिकं लागतं. घरातले तोंड वाकडं करतात.

वाफ चव टिकवते, वाढवत नाही. खरपूसपणा यात येणार नाही, कारण त्यासाठी १४० अंशांच्या आसपास कोरडी उष्णता लागते आणि वाफ १०० वर अडते. तो हवाच असेल तर वाफवलेली भाजी कोरडी करून कडक तापलेल्या तव्यावर मिनिटभर फिरवा. एरवी भाजी गरम असतानाच वर तेल, ठेचलेला लसूण, मिरपूड, लिंबू घाला. गरम भाजी चव चटकन ओढून घेते, गार झाल्यावर तेच घातलं तर वरवर राहतं. लसूण वाफवतानाच भाजीत टाकला तर त्याचा उग्रपणा जातो. भाजलेले तीळ किंवा दाणे वरून पेरले तर दाताला काहीतरी लागतं, आणि मऊ भाजीला नेमकं तेच कमी पडत असतं.

सहा जणांसाठी करायचं झालं तर?

भाजी दुप्पट केली तर वेळ दीडपट ते पावणेदोनपट धरा आणि निदान दोनदा हलवा. अर्ध्या किलोच्या पुढे मला मायक्रोवेव्ह सोयीचा वाटत नाही. तिथे गॅसवरचं मोठं भांडं आधी तयार होतं. हे यंत्र एक ते तीन माणसांच्या घरासाठी खरं उपयोगाचं.

लहान बाळासाठी वाफवून दिलं तर चालेल?

भाज्या, हो. पूर्ण मऊ करा, कुस्करा, खालून वर नीट ढवळा, थोडं थांबा आणि स्वतः चाखून ऊन किती आहे ते बघा, कारण एखादा घास चटका देण्याइतका गरम राहिलेला असू शकतो. आईचं दूध मात्र मायक्रोवेव्हमध्ये तापवू नका. बाटली बाहेरून कोमट लागते आणि आत पोळण्याइतकं गरम दूध असू शकतं.

आठवड्याचं एकदम वाफवून ठेवलं तर?

तीन-चार दिवसांचं ठेवा, त्याहून जास्त नको. नेहमीपेक्षा एक मिनिट कमी वाफवा, लगेच ताटात पसरून गार करा, आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये, ४ अंशांवर किंवा त्याखाली ठेवा. खाताना एक चमचा पाणी शिंपडून झाकून चांगलं वाफाळेपर्यंत गरम करा. पालेभाजी अशी ठेवण्यात अर्थ नाही. तिला दीड मिनिटच लागतं, ताजीच करा.

रात्री उशिरा घरी येते, एकटीसाठी एकाच भांड्यात पूर्ण जेवण होईल का?

होतं, क्रम सांभाळला तर. हे माझं स्वतःचं नेहमीचं जेवण. बटाट्याच्या लहान फोडी दोन चमचे पाण्यात झाकून तीन मिनिटं. मग त्यात गाजराच्या चकत्या आणि फरसबी, आणखी अडीच मिनिटं. मग भाज्या कडेला सारून त्यांच्यावर माशाचा तुकडा ठेवायचा, ७० टक्के ताकद, तीन मिनिटं. यंत्र थांबलं की झाकण पटकन उचलून मूठभर पालक आत टाकायचा आणि लगेच झाकायचं. त्याला वेगळं शिजवावं लागत नाही, दोन-तीन मिनिटांच्या वाफेत तो आपोआप मऊ पडतो. तेवढ्यात हातपाय धुऊन होतात. मग मीठ, मिरपूड, चमचाभर तेल आणि अर्धं लिंबू. मासा नको असेल तर शेवटच्या टप्प्यात मटार घाला आणि पूर्ण ताकदीवर दोन मिनिटं ठेवा.